मूळ चित्रणांना हात लावू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा टीव्ही-रेडिओ दुरुस्ती (सहा वर्षांपूर्वी शटर ओढले), पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे तर राजीखुशीने, माझ्या माघारी कोणाला काय द्यावे ते लिहून ठेवत आहे. माझ्या डोक्याबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने तळमजल्यावरच्या औषधवाल्या बाईंना विचारावे. त्या रोज माझ्याशी वाद घालतात आणि रोज हरतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलगी व मुलगा यांना निम्मी-निम्मी. मध्ये भिंत घालू नये, खोल्या आधीच लहान आहेत.

२. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हरांची पेटी समोरच्या रेडिओवाल्याला. त्याने अकरा वर्षांपूर्वी माझा बारीक चिमटा "आत्ता आणून देतो" म्हणून नेला. तो चिमटाही मी त्याला बक्षीस दिला असे समजावे. निदान आता तरी त्याला लाज वाटेल.

३. जिन्याखालच्या कपाटातील लहान संगणक, त्यातील सर्व चित्रणांसह, मुलाला. हे वाचून नातेवाइकांच्या भुवया वर जातील, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

माझी पत्नी जन्मापासून बहिरी होती. ती हातांनी बोलायची, आणि काय बोलायची! भांडणात मी डोळे मिटून घेतले की तिचे बोलणे मला पोचायचे नाही, मग ती असा चिमटा काढायची की बास. तिची तीनशे बारा चित्रणे या संगणकात आहेत. घरातले कोणीही, कुठल्याही गावाहून, आपल्या टीव्हीवर ती लावू शकते.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी मुलीच्या गावी गेलो असताना तिच्या टीव्हीवर एक चित्रण लावले. चेहरा ठीक दिसत होता, पण हात हलले की बोटांचा नुसता लगदा. ती काय म्हणतेय ते काही केल्या कळेना. माझा मुलगा बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षक आहे. आई काय बोलते ते नातवंडांना वाचता यावे म्हणून त्याने त्याच महिन्यात प्रत्येक चित्रणाखाली दिसतील अशा ओळी लिहून दिल्या होत्या. मला वाटले, याच उद्योगात याने फायली बिघडवल्या. मी तिथूनच फोन केला. "आईची बोटं पुसलीस तू!"

"बाबा, मी एकदा मशीन बघू का?"

"हात लावायचा नाही त्याला!"

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षे आमचे बोलणे "बरा आहेस ना"च्या पुढे गेले नाही. घरी मी ती चित्रणे कधी लावलीच नाहीत. एकट्याने बघायचा धीर नव्हता. लावली असती तर घरातल्या घरात ती स्वच्छ दिसतात हे पहिल्याच दिवशी कळले असते.

मागच्या सोमवारी कपाटातून पंख्याची घरघर ऐकू आली. मेहुणा त्याच्या घरून आपल्या बहिणीला बघत होता. एवढ्याशा कामाला यंत्र का तापावे, म्हणून मी पडद्यावर पाहिले. तिथे लिहिले होते: रूपांतर चालू, कारण ठरवलेली वेगमर्यादा. ती मर्यादा माझी! इंटरनेट रडतखडत चालायचे त्या काळात मीच घातली आणि साफ विसरलो. त्यामुळे बाहेरून कोणी चित्रण मागितले की यंत्र जागच्या जागी त्याची हलकी प्रत करून धाडायचे. हलक्या प्रतीत स्थिर चेहरा टिकतो, भरभर हलणारी बोटे टिकत नाहीत. मूळ फायलींना धक्काही लागलेला नव्हता. मुलाच्या ओळी साध्या मजकुराच्या, त्या वेगळ्या जातात. त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जन्मभर लोकांच्या टीव्हीतला बिघाड शोधून मी पोट भरले, आणि स्वतःच्या घरातला मला दिसला नाही.

मर्यादा काढली आणि औषधवाल्या बाईंच्या दुकानात जाऊन त्यांच्या फोनवर मुलीकडे पाहिलेले तेच चित्रण लावले. "अहो काका, अंगठीचा खडासुद्धा दिसतोय!" मी ते पुन्हा पहिल्यापासून लावले.

मुलाने ती मर्यादा पुन्हा घालू नये. बघणाऱ्याने आपल्या टीव्हीवर "आपोआप" न ठेवता "मूळ दर्जा" निवडावा. ज्याच्या टीव्हीला फाईल जशीच्या तशी चालत नाही त्याला ती चालवणारी डबी घेऊन द्यावी, त्याच्यापायी यंत्राला राबवू नये. ओळी साध्या मजकुराच्याच असाव्यात. चित्राच्या रूपातल्या ओळी असल्या की त्या चिकटवायला यंत्र सगळे चित्रण नव्याने बनवत बसते. सगळ्यांच्या छोट्या प्रती करून मूळ पुसून टाका, जागा वाचेल, असे मेहुणा सांगत असतो. तो मनाने चांगला आहे, पण कपाटाची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

४. कॅमेरा मुलीला. अर्धी चित्रणे तिनेच केली आहेत, म्हणून ती कशातच दिसत नाही. तिचेही कोणीतरी करावे.

५. (खोडले.) चूक माझी होती हे माझ्या माघारी वकिलांनी मुलाला वाचून दाखवावे, असे येथे लिहिले होते. आज सकाळी साक्षीला आलेल्या औषधवाल्या बाईंनी ते वाचले आणि पेन खाली ठेवले.

"काका, तुम्ही नसताना तो कोणाला म्हणणार, की जाऊ द्या बाबा?"

"तुम्ही सही करा."

"नाही करत. आधी फोन."

तासाभरात मुलगा आला. आमच्या घरात व्यवहाराचे तोंडाने बोलतात, मनातले हातांनी. मी हातांनी माफी मागितली. तीन वर्षांत हातांची सवय मोडली होती, त्याला दोनदा विचारावे लागले. मग त्याने हातांनीच सांगितले, "मला त्याच दिवशी कळलं होतं, बाबा. ओळी लिहायला उतरवून घेतलेल्या मूळ प्रती माझ्याकडे स्वच्छ होत्या, म्हणजे अडत होतं ते तुमच्या मर्यादेपाशी. त्याच ताईला डिस्कवर नेऊन दिल्या मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आईला जाऊन दोनच महिने झाले होते. तुमच्याच हातून झालंय असं कळलं असतं, तर तुम्ही अंथरूण धरलं असतं. माझ्यावर रागावून का होईना, जेवत तरी होतात."

सबब कलम पाच रद्द. कारण: समक्ष सांगून झाले. खोडाखोडीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची लहान सही आहे. मुलाला यात वाटा असल्याने तो साक्षीदार होऊ शकत नाही. तो माझ्याशेजारी बसला आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. तळमजल्यावरच्या औषधवाल्या बाई (सही)
२. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार