गॅलरीचा करार

३ फेब्रुवारी, रविवार
आजपासून ही वही. कुणाला दाखवायला नाही. या घरात वाचण्याच्या लायकीचं कुणी नाहीच. फक्त नोंद राहावी, की मला यश मिळालं तेव्हा कोण कुठे उभं होतं.

मुद्दा गॅलरीचा. घरात खोल्या दोन, माणसं चार. मी, ही, कन्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर 'महिनाभर' राहायला आलेल्या सासूबाई. त्या महिन्याला परवा चौदा महिने पूर्ण झाले. जूनपासून कन्येचं शाळेचं शेवटचं वर्ष. तिला अभ्यासाला वेगळी जागा हवी म्हणून गॅलरीत टेबल टाकायचं ठरलं. कुणी ठरवलं? तिघींनी. मला चहाबरोबर नुसतं कळवलं.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गॅलरीत भाजीची बाग होणार आहे. हिने विचारलं, हे कधी ठरलं? म्हटलं, केव्हाच.

सासूबाई हसल्या. हसताना गुडघा दुखत नाही वाटतं.

५ फेब्रुवारी
रीतसर करार केला. ऑफिसात मी वॉशिंग मशीनच्या तक्रारी बघतो. कागद कसा करायचा ते मला कुणी शिकवू नये. कलम एक: रविवार, १२ मे रोजी दुपारच्या जेवणाची भाजी, चौघांना पोटभर, संपूर्ण गॅलरीतली. कलम दोन: जमलं तर गॅलरी कायमची बागेची, नाही जमलं तर कुंड्या बाहेर, टेबल आत. कलम तीन मी स्वतः घातलं: बागेला माझ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही, लावल्याचं सिद्ध झालं तर पीक बाद. उद्या टोमॅटो लागले की सगळे श्रेय लाटायला पुढे येणार. मी ओळखून आहे.

ही म्हणाली, म्हणजे तुम्ही विसरलात तर पाणीसुद्धा घालायचं नाही का? म्हटलं, मी विसरत नसतो.

तिघींनी सह्या केल्या. कन्येने दोनदा वाचून केली. पोरीचा बापावर विश्वास नाही. इतका संशयी स्वभाव कुणाकडून घेतलाय कोण जाणे.

१० फेब्रुवारी, रविवार
नर्सरीत गेलो. नर्सरीवाला आगाऊ आहे. गॅलरीत ऊन किती तास येतं, रोज वेळ किती देणार, आधी कधी काही लावलंय का, असल्या चौकशा. मला मुलगी मागायला गेल्यासारखं वाटलं. दोन कुंड्यांपासून सुरुवात करा म्हणाला. मी अठरा घेतल्या. टोमॅटो, वांगी, मिरची आणि घेवड्याची रोपं, पालकाचं बी.

कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या भुशाचं, पोतं लिफ्टमध्ये फुटलं. आत खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर होते. सलग सात वेळा शिंकले. शेवटच्या तीन शिंका मुद्दाम होत्या.

१७ फेब्रुवारी
वेळापत्रक तयार. पहाटे साडेपाचला उठणे. सहापर्यंत पाणी. सहा ते साडेसहा निरीक्षण आणि चिंतन. संध्याकाळी सातला कीड तपासणी. फ्रिजवर चिकटवलं. तिथे सासूबाईंच्या औषधांचा तक्ता होता, तो काढला.

१८ फेब्रुवारी
पावणेआठला जाग आली. गजर वाजलाच नाही. ही म्हणते तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी बंद केला. बिनबुडाचा आरोप. पाणी राहिलं.

संध्याकाळी बघतो तर माती ओली! याचा अर्थ माझं मातीचं मिश्रण ओलावा धरून ठेवतं. बागकामाच्या व्हिडिओतला एक टोपीवाला माणूस रोज पाणी घाला म्हणून कंठशोष करतो. अडाणी.

२७ फेब्रुवारी
आठवड्यात एकदाच पाणी घालता आलं. ऑफिसात तपासणी. हिच्या शाळेच्या पेपरांचे गठ्ठे आले, म्हणून धुणं माझ्या गळ्यात. सासूबाईंना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, तेही माझ्याच. तरी रोपं कशी टवटवीत! आता सिद्धान्तच मांडतो: रोपांचे लाड करू नयेत. धाकात ठेवली की वाढतात. मुलांचंही तेच. कन्येला हे सांगितलं. ती हो म्हणाली आणि दप्तर घेऊन गेली. जांभया फार देते हल्ली. फोन बघत जागत असणार.

६ मार्च
हेडमास्तर वर आले. म्हणे रोज पहाटे त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर पाणी गळतं. म्हटलं, पहाटे मी झोपलेला असतो, तेव्हा ते पाणी माझं असूच शकत नाही. म्हणाले, मी डोळ्यांनी बघतो. म्हटलं, मग डोळे तपासून घ्या.

बिनतोड उत्तर. तरी हिने त्यांची माफी मागितली. माझ्या माणसांनी कधी माझी बाजू घेतल्याचं आठवत नाही. कन्या तर मान खाली घालून दूध पीत बसली होती. बापाचा अपमान होतोय आणि पोरगी साय बाजूला काढतेय.

१५ मार्च
टोमॅटोच्या रोपांना काठ्यांचा आधार दिलेला दिसला. जुन्या ओढणीच्या पट्ट्यांनी बांधलंय. मी बांधल्याचं आठवत नाही. पण बांधणी इतकी नेटकी आहे की दुसऱ्या कुणाची असणं शक्य नाही. ऑफिसच्या ताणात माणूस किती कामं नकळत करून जातो.

२२ मार्च
घरी आलो की खांद्यावरची बॅगही न काढता आधी गॅलरी. आज वांग्याची दोन पानं पिवळी. आत येऊन चौकशी केली. सासूबाईंनी सकाळी गॅलरीच्या उंबऱ्याशी फिनाइलने पुसलं होतं! वास पानांना लागला. अर्धा तास सुनावलं. लोकांच्या घरात राहताना काय पथ्य पाळावं इथपर्यंत विषय गेला. त्या रात्री जेवल्या नाहीत. रुसवेफुगवे. ही भिंतीकडे तोंड करून पेपर तपासत होती. सगळ्यांना लाल शाईने नापास करत असावी.

३१ मार्च, रविवार
तेवीस टोमॅटो! हिरवे आहेत, पण आहेत. घेवड्याला शेंगा, वांग्याला फुलं. पाणी मी या महिन्यात पाच वेळा घातलं. निष्कर्ष उघड आहे: हात गुणी असावा लागतो, कष्ट दुय्यम. हेडमास्तरांना जिन्यात गाठून सांगितलं. अभिनंदन म्हणाले, पण मनापासून नाही.

९ एप्रिल
घात! आज चुकून सहालाच जाग आली, तर गॅलरीत ओली पावलं. लहान, बायकी. झारी डावीकडे. मी उजवीकडे ठेवतो. टोपीवाल्याने कालच सांगितलं की जास्त पाण्याने मुळं कुजतात. म्हणजे माझी मुळं कुजवण्याचा डाव आहे. टेबल आत यावं म्हणून.

पावलांच्या मापावरून सासूबाई. गुडघ्याचं सगळं सोंग आहे.

१० एप्रिल
तिघींना उभं करून विचारलं. सासूबाईंना बसून. कुणी कबूल होईना. कन्या म्हणाली, बागेचं वाईट व्हावं असं इथे कुणाला वाटत नाही. वकिली शिकतेय.

मग लक्षात आलं. मी सिद्ध केलं तर कलम तीनप्रमाणे पीक माझंच बाद! काय पाताळयंत्री बायका आहेत. म्हणजे सिद्ध करून चालणार नाही, नुसतं थांबवावं लागणार. डोळ्यात तेल घालून बसतो.

११ एप्रिल
पावणेआठला जाग आली.

२८ एप्रिल, रविवार
ऑफिसतर्फे पाच दिवस बाहेरगावी प्रशिक्षण. विषय: ग्राहकाशी सौजन्याने बोलणे. पूर्ण विभागातून माझं एकट्याचंच नाव साहेबांनी सुचवलं. उघड आहे, इतरांची तिथपर्यंत मजल नाही.

पण बाग? एकतीस टोमॅटो, त्यातले अर्धे लालसर. नऊ वांगी. घेवडा एक वेळची भाजी होईल इतका. चौदा दिवस राहिले. नेमक्या या वेळी शत्रूला रान मोकळं सोडायचं? भलं मोठं कुलूप आणलं. पाच दिवसांचं पाणी एकदम घातलं, गॅलरीच्या दाराला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात. खालून हेडमास्तर ओरडले. ही म्हणाली, धुणं कुठे वाळत घालायचं? म्हटलं, पंख्याखाली. कन्या काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. तिला म्हटलं, कलम तीन. तोंड मिटलं.

२९ एप्रिल
प्रशिक्षण कंटाळवाणं. दुपारी कन्येचा फोन. दुसरी किल्ली आहे का? इकडे ऊन फार आहे. हसलो. किल्ली नाही म्हटल्यावर शत्रूचं धाबं दणाणलं.

३० एप्रिल
पुन्हा फोन. कुलूपवाल्याला बोलावू का म्हणाली. एकदाच उघडते, लगेच लावते. तुम्हाला कलम तीन लावायचं तर लावा म्हणाली. म्हणजे बघा! पीक बाद करायला किती उतावीळ झालीय. दार उघडलं तर माझ्याशी गाठ आहे, असं बजावून ठेवलं. शेवटी ती रडत होती असं वाटलं. नाटकं आजीकडून शिकलीय.

२ मे
आजचा धडा: समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यावं. मध्येच कन्येचा फोन. कट केला. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, ग्राहक.

४ मे, दुपारी १२.४०
आलो. बॅग खांद्यावरच. कुलूप जसंच्या तसं, म्हणजे कुणाचा हात लागलेला नाही. उघडलं.

सगळं वाळलंय. अठराच्या अठरा. टोमॅटोची पानं हात लावला की चुरा होतात. पालक कुठे होता तेही कळत नाही. वांगी सुरकुतून खाली पडलीत.

संध्या. ७
ऊन अभूतपूर्व होतं. कोकोपीट बनावट. नर्सरीवाल्याला सोडणार नाही.

५ मे, रविवार
एक वाळकं रोप घेऊन नर्सरीवाल्याकडे गेलो, तावातावाने. त्याने मुळं बोटांत धरून बघितली. म्हणाला, माल चांगला होता साहेब, रोज दोन वेळची पाण्याची सवय होती याला, आणि ती एकदम तुटली. निगा छान राखली होती. मग विचारलं, कोण घालत होतं पाणी? म्हटलं, मीच. त्याने रोप परत माझ्या हातात दिलं.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच: दोन वेळा?

१२ मे, रविवार
कराराचा दिवस. जेवायला बाजारातून आणलेली वांगी. सासूबाईंनी वाढलं. मी मुद्देसूद निवेदन केलं: नैसर्गिक आपत्ती असल्याने मला तीन महिन्यांची मुदतवाढ मिळावी.

हिने हातातला डाव खाली ठेवला आणि सांगितलं. आवाज न चढवता. पोर रोज पहाटे साडेपाचला उठायची. पाणी घालायची, पिवळी पानं खुडायची, काठ्या बांधायची. तुम्ही यायच्या आधी, संध्याकाळी, परत एकदा. फेब्रुवारीपासून. आम्हाला दोघींना माहीत होतं. बोललो असतो तर तुमचं पीक बाद झालं असतं.

मी कन्येला म्हणालो, तू वेडी आहेस का? बाग मेली असती तर टेबल तुझं होतं. नुसतं झोपून राहायचं होतंस. मग का केलंस?

ती ताटाकडे बघत म्हणाली, बाबा, तुम्ही आल्यावर आधी कुंड्या बघता. झाडं नीट असली की आत येऊन गप्प जेवता. एखादं पान जरी वाळलं तरी आजीला ऐकून घ्यावं लागतं. पाणी घालणं सोपं होतं.



१३ मे
अतिशयोक्ती आहे. या वयात मुलं तिखटमीठ लावून बोलतात. मी नेमका किती वेळा ओरडलो ते पुराव्यानिशी दाखवावं म्हणून ही वही काढली आणि मोजायला बसलो. मार्चपर्यंत पोचलो. पुढचं मोजलं नाही.

१९ मे, रविवार
कुंड्या खाली नेल्या. टेबल आत गेलं. बरोबर बसलं. दिवाही लावून दिला. मदत करू का विचारलं तर कन्या म्हणाली, नको, झालंय. सासूबाईंना म्हटलं, फिनाइलने पुसून घ्या हवं तर. चांगल्या अर्थाने म्हणालो होतो. त्या बिचाऱ्या लगेच उठल्या, बादली आणायला. गुडघा धरून. बसा, बसा म्हणालो, तर तेही मोठ्यानेच निघालं.

२३ मे, संध्या. ७.१०
लिफ्ट बंद. जिन्याने वर आलो. बेलवर बोट ठेवणार, तोच आतून हसणं ऐकू आलं. तिघींचं. सासूबाईंना तर हसून हसून खोकला लागला होता. कन्या कुणाची तरी नक्कल करत होती. कुणाची ते पहिल्याच वाक्याला कळलं. बरी जमते.

बेल वाजवली की हे बंद होणार. वाजवली नाही. बॅग खांद्यावर घेऊन तसाच उभा. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील.

हेडमास्तर गच्चीकडे निघाले होते. मला बघून थांबले. विचारलं, काय हो, घरात कुणी नाही का?

नाही म्हणालो.