दिवा लागला नाही

बुधवार, सकाळ (हातोहात पाठवतेय)

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर कशी आहे? आईच्या गोळ्या आणून दिल्या. "एवढ्या गिळल्यावर जेवायचं कशाला?" म्हणाली. माझा घसा उत्तम. उद्याच्या भाषणाला घशाची अडचण नाही.

अडचण वेगळी आहे. "विजेवर उजळणारी काच" हा विषय तूच दिलास. बोलण्याआधी वस्तू पुन्हा पाहावी म्हणून काल तुझ्या प्रयोगशाळेत गेले. युरोपियम धातू मिसळलेल्या सिलिकेटचा, म्हणजे तुझ्या त्या काचेचा, नखाएवढा थर पेटीत होता. बटण दाबलं. लाल प्रकाश! खरं सांगते, ऊर भरून आला. पेटी जवळ ओढली आणि थराला वीज देणाऱ्या दोन्ही तारा निसटल्या.

लाल तसाच राहिला.

पेटीच्या तळाशी तू अतिनील दिवा लपवला आहेस. त्या उजेडात ही काच चमकतेच, त्यात नवल काय? त्याच थराचा एक टाकाऊ तुकडा घेऊन त्याला खरीच वीज दिली. मीटरचा काटा हलेना. विजेचा दाब वाढवला, तर थर चट्‌कन तडकला आणि काळा ठिपका पडला. त्यातून वीज जातच नाही!

तुझा भागीदार तिथेच होता. म्हणतो कसा, "अहो ताई, दिवा लागला ना? कुणी लावला ते कोण विचारतंय!" आणि हसला. मला शिसारी आली. तुला फोन केला, तर तू त्याच्यावर ताण: "अगं, तू नुसता आवाज दे. बाकीचं मी बघतो."

माझा आवाज म्हणजे तुझ्या पेटीचं झाकण आहे का रे? उद्या समोर बंद पडलेल्या काच कारखान्याचे कामगार बसतील. तुझ्या थरावर भट्ट्या पुन्हा पेटतील, या आशेवर ते हातातली कामं सोडायला निघालेत. त्यांना मी बोलावलंय. तुझ्या शब्दावर, माझ्या तोंडाने.

मी येणार आणि बोलणार. आधी झाकण काढणार, मग तारा. तू शेजारी उभा राहून "मी फसवलं" म्हणालास, तर पुढचं मी सांभाळून घेईन. नाही म्हणालास, तर तेही मीच सांगेन.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. आई पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी ये आणि तूच सांग.

तुझी बहीण
(हे मात्र बदलता येत नाही)