काचेच्या तीन पट्ट्या

प्रिय सदफ,

दादाच्या खूप दुआ. हे पत्र तुमच्या वॉर्डन तारामतीबाई तुला देतील. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर वाकडं आहे, पण शेवटपर्यंत वाच. मला तुला आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढायचं आहे. माझा लेक, तुझा बाप अकरम म्हणतो, नीटच्या परीक्षेला तेवीस दिवस उरलेत, पोरीला बिचकवू नका. पण मागच्या रविवारी तुला फोनवर दहा मिनिटं मिळाली तेव्हा तूच हसत म्हणालीस, "दादा, तुमची बेगम हाय की इथं. दुपारी सगळ्या वाचत बसल्या की भिंतीत केस विंचरती. माझ्या बायोलॉजीच्या पुस्तकावर पांढरी पावडर सांडती." मागे तुझ्या मैत्रिणी खिदळत होत्या. 

हवेलीत मागे राहिलेल्या बेगमच्या भुताची गोष्ट तुला मीच सांगितली, लहानपणी. मला ती माझ्या अब्बांनी सांगितली होती. तुमचं हॉस्टेल झालेल्या या हवेलीला आम्ही देवडी म्हणायचो. अब्बा गवंडी. दर उन्हाळ्यात गच्चीला चुना ठोकायला आम्ही रेणापूरहून लातूरला यायचो. मी सात-आठ वर्षांचा असेन. जुने मालक हैदराबादला निघून गेले होते, संगप्पा शेठच्या घराण्याने देवडी नुकतीच घेतलेली. अंगणात चुन्याची घाणी फिरायची, त्यात गुळाचं पाणी पडायचं, आणि मी गोड लागेल म्हणून बोट चाटून जीभ पोळून घ्यायचो. वर उत्तरेच्या कोपऱ्यात एक खोली होती. खिडकीच्या रंगीत काचांतून हिरवा-तांबडा उजेड फरशीवर पडायचा. पूर्वी आरसा असेल तिथे भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता. त्याच्यासमोर उभं राहिलं की मागे कुणीतरी येऊन थांबलंय असं वाटायचं. अब्बा म्हणायचे, "वर जाऊ नको, बेगम केस विंचरत बसलीय." मी जायचोच. भिंतीला कान लावून विंचरण्याचा आवाज शोधायचो. सदफ, तेव्हा तिथे काहीच वाजत नव्हतं. अब्बांना तसं सांगितलं तर ते हसले, म्हणाले, "भिंत गप हाय म्हणजे सलामत हाय. बेगम तुला जिन्यावरून पडू नये म्हणून सांगितली रे."

तुझी खोली तीच आहे. तू रंगीत काचांचं सांगितलंस तेव्हाच कळलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात देवडी उभी राहिली, पण त्या उत्तरेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. माझा पंजा आत जायचा. शेठने मला बोलावलं. आमच्या कामात अशा भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवतात, दोन्ही टोकं चुन्यात धरून. महिन्याने काच शाबूत असली तर भिंत थांबली. तडकली तर भिंत अजून चालतेय, मग ती उतरवायचीच. मी तीन पट्ट्या बसवल्या.

त्या खोलीत शेठची आई गौरम्मा खाटेवर होती, नव्वदीची. महिना भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब पाहणीला येणार होते. घर धोक्याचं ठरलं तर सगळ्यांना पत्र्याच्या शेडात जावं लागणार. मी काचा बघायला गेलो तर म्हातारीने माझा हात धरला. "निजाम, तुझ्या बापाला ह्या हातानं भाकर वाढलीय. मला पत्र्याखाली मरू देऊ नको बाबा." सकाळी साहेबांनी ओल्या गिलाव्यावर बोट ठेवून विचारलं, नवं काम कशाचं? मी म्हणालो, "सणाचा चुना हाय साहेब, भिंत थांबलीय." त्यांनी लिहून घेतलं. गौरम्मा पुढे दोन वर्षांनी त्याच खाटेवर शांतपणे गेली, आणि मला वाटलं, आपलं चुकलं नाही. मग देवडी विकली गेली, क्लासवाल्यांनी वर आणखी एक मजला चढवला, पाण्याच्या टाक्या ठेवल्या. तरी मी बोललो नाही. एसटी त्या रस्त्याने गेली की मी दुसऱ्या खिडकीकडे बघायचो.

त्या तिन्ही पट्ट्या तडकल्या होत्या, पोरी. तुकडे मी माझ्या हाताने काढले, भेगेत चुना-खडी भरली आणि वरून गिलावा केला. तू ऐकतेस तो आवाज बेगमचा नाही. भिंतीचे दोन भाग हलतात आणि मधला माझा चुना रगडला जातो, तोच तुझ्या पुस्तकावर पडतो. हे मी आज सकाळी महापालिकेत लिहून दिलं, सहीसकट. ते सोमवारी बघू म्हणाले. तारामतीबाई म्हणाल्या, "आजोबा, इथं रोज एक आजोबा येतो, पोरीला घरी न्यायला कारण घेऊन. चिठ्ठी द्या, तेवढी पोचवते." म्हणून तुमच्या फाटकासमोरच्या रसवंतीच्या बाकावर बसून हे लिहितोय. पुरुषाला आत सोडत नाहीत, नाहीतर मीच वर आलो असतो. तुझ्या खोलीतल्या पाचही जणींना उठव. बाई अडवतील, त्यांना हे पत्र वाचून दाखव, माझं नाव मोठ्याने घे. पुस्तकं राहू देत, हे वर्ष गेलं तर जाऊ दे. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण इथे खाली, उन्हात उभी राहून दे.

फाटकाशी थांबलेला,
तुझाच दादा
निजामोद्दीन