गजूसाठी ग्रामसभेत हात

२ ऑगस्ट, करडी
गजू जेलमधून आल्यापासून गप्पच. धाकटा भाऊ माझा, पण चहाला दोनदा हाक मारावी लागते. गर्द ओढताना सापडला, आत गेला, वरठीच्या कारखान्यातलं काम सुटलं. गर्द तेवढं सुटलं नाही. सकाळी म्हटलं, दवाखान्यात चल.
"ताई, तेथं नाव लिवतेत. मंग पोलीस दारात. मले पुन्हा आत नाही जायचं."

५ ऑगस्ट
भंडाऱ्याला वकीलबाईंकडे. म्हणाल्या, स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे. मग पोरगं घाबरतं कशाला? "कारण वापरणाऱ्याची शिक्षाही त्याच कायद्यात आहे." आजारी माणसाला आधी आरोपी करायचं, मग औषध! संताप आला. बाईंनीच सुचवलं, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या, खासदारांना पाठवा. वापरणाऱ्याची शिक्षा काढा, विकणाऱ्याची ठेवा.
गजू हसला. "गाव माह्यासाठी हात वर करन? केले त येतो दवाखान्यात."
शब्द दिलास हं, म्हटलं.

११ ऑगस्ट
धानाचा रोवणा. बायांसोबत वाकून पऱ्यांची रोपं लावता लावता गजूचा विषय काढला. मग माझ्या ओळीतल्या पार्वताकाकू, मान वर न करता, "साप चावलेल्याले दवाखान्यात नेतेत का कोठडीत?"
शेजारची म्हणाली, "माहा घरचा दारू पेते, त्याले कोणी धरत नाही. गजूलेच जेल काहून?"
बांदीचा तुकडा लावून होईपर्यंत तेच बोलणं. कंबर मोडली, पण आज झोप लागेल.

१५ ऑगस्ट
ग्रामसभा. गावातले वजनदार महादेवदाजी उठले. "व्यसनी मोकाट सोडता का गावात?" टाळ्या पडल्या. मी कशीबशी बोलले, "मोकाट नाही जी, दवाखान्यात."
रोवणा उरलेलाच, बाया बांदीतून थेट आलेल्या. पहिला हात काकूंचा, कोपरापर्यंत चिखल. मग त्यांच्या मागे सगळ्या. मग पुरुषही, एकमेकांकडे बघत बघत. दाजींनी नाही केला, नाही तर नाही. ठराव झाला! मी सगळ्यांसमोर रडले. गजू मागे खांबाला टेकून, मान खाली.

२० ऑगस्ट
ठराव पोस्टात टाकला. दिल्लीत कोण वाचेल, कधी, देव जाणे. कायदा आज तरी तोच.
तिथून दवाखान्यात. शब्दाप्रमाणे गजू सोबत आला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम भिंतीवरचं पोस्टर वाचत बसले.
मग सांगितलं त्यानं. स्वतःचं, बाबांचं, आडनाव.
"गाव?"
"करडी," जरा मोठ्यानंच म्हणाला.