अंगाई ऐकतंय कोण?

८ नोव्हें., शनि.
आमच्या मंदारनं पुण्याहून कुरियरनं गाण्याचं यंत्र पाठवलं. वायफायवर चालतं, ह्यांच्या जुन्या स्पीकरना जोडायचं. स्वतः आला नाही. लग्नापासून घरात पाय नाही त्याचा. रूपाली वाडीवरची, आपल्या जातीची नाही, म्हणून हे लग्नाला गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. फोनवर सांगून सगळं जोडून घेतलं. जेवढ्यास तेवढं बोलला. "माझंच अकाउंट टाकलंय. आपण ऐकतो, त्यावरून ते आवड ओळखतं."
हे म्हणाले, "यंत्राला काय कळतंय." संध्याकाळी भजनं लावून बसले.

११ नोव्हें.
'तुमच्यासाठी' म्हणून आपोआप गाणी लागतात. ह्यांची भजनं, मधेच धांगडधिंगा, तो मं.चा. आज भजनामागून अंगाई लागली. हे उठले, पुढचं लावलं. थोड्या वेळानं दुसरी अंगाई. पुन्हा उठले. म्हटलं, राहू दे की, गोड आहे.
"नको. झोप येते."

१४ नोव्हें.
हे शेतावर. एकटीनं लावलं. अंगाईमागून अंगाई. आम्ही तर एकदाही लावली नाही. मग ऐकतंय कोण? अकाउंट मं.चं.
मं.ला नाही, रूपालीलाच फोन केला. पहिल्यांदाच.
"घरात बाळ आहे का गं?"
ती म्हणाली, "मुलगी हाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाली. मंदारनं बाबांना लगेच फोन केला होता. बाबा बोलले, आईला सांगतो."
मग म्हणाली, "तुमचा फोन नाय आला. आमाला वाटलं, तुमालापण नकोय."
पुढं मी काय बोलले, आठवत नाही.

१५ नोव्हें.
ह्यांना विचारलं. भाकरी मोडत म्हणाले, "सांगितलं असतं तर धावत गेली असतीस."
हो. गेले असते.
दसऱ्याला मी दाराला तोरण बांधत होते तेव्हा ह्यांना माहीत होतं. माझ्या हातून आपट्याची पानं घेतली. हसले होते.

१९ नोव्हें.
मं.नं आमचं अकाउंट वेगळं करून दिलं. मला फोन नाही, नुसता मेसेज. अंगाया गेल्या. यंत्र विचारतं, आवडते गायक निवडा. हे म्हणाले, "बरं झालं." भजनं चालू. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

२२ नोव्हें., शनि.
रूपालीचा फोन. उद्या बारसं. "मंदार अजून रागात हाय. या म्हणायला मला धीर होत नाय. पण तुमी आलात तर..." वाक्य तिथंच राहिलं.

२३, रवि. सकाळ.
पिशवी भरली. शिळफाट्यावरून पुण्याची एसटी मिळेल. ह्यांना म्हटलं, "जाते मी. येता?" ह्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आता खाटेवर बसलेत, अनवाणी. उठतही नाहीत, जा-नको जाऊ म्हणतही नाहीत.
उभ्यानंच लिहितेय. थोडं थांबते. मग निघते, हे आले नाहीत तरी.