आजोबांचा मंत्र

ता. ९, मंगळवार

चि. ठिणगीस,

आजीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आजोबांचं जेवण ठीक, खेकसणंही ठीक, म्हणजे तब्येत बरी आहे असं समज.

आता विचारायचं ते विचारते. तू ऑफिसात बसून घरांचे नकाशे काढतेस. मला सांग, नऊ त्रिकोण एकमेकांत अडकवताना तीन-तीन रेघा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात, तर आधी कुठली ओढायची? श्रीयंत्राबद्दलच विचारतेय. पाच त्रिकोण देवीचे, टोक खाली. चार शिवाचे, टोक वर. बाईचा एक जास्त, म्हणून तर डोलारा उभा आहे. त्यातून त्रेचाळीस लहान त्रिकोण निघतात. माझे बेचाळीस नीट येतात आणि एक तोंड वाकडं करून बसतो.

हो, माझे. दोन वर्षं झाली, आजोबांचा हात थरथरतो. तांब्याच्या पत्र्यावर मी कोरते आणि ते शेजारी बसून नखाने रेघ तपासतात. गिऱ्हाइकांना मात्र बेलाशक सांगतात, "माझा हात आहे."

तू चौदा वर्षांची असताना कोरणी उचललीस, तेव्हा त्यांनी ती हिसकावली. "मंत्र मिळाल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही, आणि मुलींना तो मिळत नाही." तू उठून गेलीस ती पुन्हा पत्र्यापाशी आली नाहीस. मी तेव्हा भांडी घासत होते. एक शब्द बोलले नाही.

मीही मंत्राशिवायच कोरायला बसले. भीती नाही वाटली, पण डोक्यात किडा वळवळत होता. चाळीस वर्षं हा माणूस कोरताना ओठ हलवायचा. म्हटलं, "अहो, मला ऐकवा तरी. आता माझ्याच हातून होतंय ना?"

"तो सांगायचा नसतो."

गेल्या आठवड्यात गुरुजी यंत्र न्यायला आले. आजोबा आंघोळीला गेलेले. मी सरळ विचारलं, "कोरणाऱ्याने कोणता मंत्र म्हणायचा?"

गुरुजी हसले. "कोरणाऱ्याने? कुठलाच नाही, आजी. मंत्र पूजा करणाऱ्याचा. आम्ही कोनाकोनात एकेका देवतेला बोलावतो, मधल्या बिंदूत देवीला. ती अक्षरं गुरूकडून घ्यावी लागतात. तुमच्याकडून रेघा तेवढ्या मिळालेल्या हव्यात."

"आणि बाईला देतात का हो मंत्र?"

"मला दिला तो बाईनेच."

गुरुजी गेल्यावर मी आजोबांना गाठलं. "काय पुटपुटत होतात चाळीस वर्षं?"

त्यांनी दोरीवरचा टॉवेल सरळ केला. मग म्हणाले, "मापं. नाहीतर विसरायला व्हायचं."

"आणि पोरीला काय सांगितलंत?"

"ती पहिल्याच दिवशी माझ्याहून सरळ ओढत होती."

झालं. यापुढे बोलतील तर शपथ.

आता माझं ऐक. मी गप्प बसले ते त्यांच्या धाकाने नाही. ती कोरणी मलाच हवी होती. लग्न होऊन आल्यापासून बघत होते. तुला मिळाली असती तर माझा नंबर कधी लागलाच नसता. नातीचा हेवा करणारी आजी ऐकली नसशील. ही घे.

गुरुजींनी देवळातल्या यंत्रासाठी मोठा पत्रा आणून टाकलाय, हातभर लांब, हातभर रुंद. एकदा बसला की हलवणार नाहीत. वाकडा झाला तर लोक वाकडाच पुजतील. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी आजोबांना सांगितलं, पोरगी आली तर काम घ्यायचं, नाहीतर पत्रा परत.

"ती येणार नाही," म्हणाले. "तिला बोलवू नकोस" असं म्हणाले नाहीत. एवढ्यावर काय ते ओळख.

माफी मागायला ते येणार नाहीत. मी मागते, माझ्या वाटची. त्यांच्या वाटची त्यांच्याकडूनच वसूल कर, समोर बसून.

गुरुजी पुढच्या सोमवारी उत्तर न्यायला येतील.

तुझ्या जागेवर बसलेली,
आजी