बाबांच्या कानशीची रापी

आई,

बाबांच्या खणात मोठी कानस दिसणार नाही. शोधाशोध करू नकोस, मी घेतली आहे. तुला विचारलं नाही, ते चुकलंच.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी तू कपडे वाळत घालत होतीस. बाबा ती कानस घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "हिचे दात गेलेत, पण पोलाद अजून ठणठणीत आहे. चामडं कापायला हिचीच रापी करून देऊ तुला?" मी पिशवी शिवत होते. मान वर न करता म्हटलं, "विकत मिळते हो बाबा."

"बरं बाई, तू शहाणी," म्हणाले आणि कानस परत ठेवून आले.

काल तू मावशीकडे गेलीस तेव्हा मी ती त्यांच्या ग्राइंडरवर घासली. सारखी पाण्यात बुडवत होते. पोलाद तापून मऊ पडलं असतं, तर त्यांनी माझी खैर ठेवली नसती. मूठ मात्र तीच आहे, त्यांच्या अंगठ्याने पडलेल्या खळग्यासकट.

पिशव्या पोचवायला दुकानात जातेय, चारपर्यंत येते. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास तरी खा. रापी टेबलावर आहे. बघ, पण जपून, धार उघडी आहे.

सकाळी मी त्या रापीने चामड्याचा पहिला पट्टा कापला. एका दमात, सरळ. खोलीत कोणी नव्हतं, तरी मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, मला तुमच्याच हातची हवी होती."